रस्त्याखालच्या स्फोटकांचा दुरून शोध : विज्ञानाची झेप आणि मर्यादा

१ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ रस्त्याखाली पुरलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला. पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक असे १६ जण क्षणार्धात मृत्युमुखी पडले. ६ जानेवारी २०२५ रोजी शेजारच्या छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यात, कुटरू परिसरात, अशाच स्फोटाने जिल्हा राखीव दलाचे ८ जवान आणि एक वाहनचालक यांचा बळी घेतला. या दलांत भरती होणारी मुले बहुतांशी त्याच भागातील, शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या आणि आदिवासींच्या घरांतील असतात. वाहनात बसलेल्या त्या जवानांना शत्रू दिसला नाही, लढण्याची संधी मिळाली नाही. रस्ता हाच शत्रू झाला होता.

अशी बातमी वाचल्यावर प्रत्येक सुजाण नागरिकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरविणाऱ्या देशाला रस्त्याच्या हातभर खाली पुरलेली वस्तू दुरून का ओळखता येऊ नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. प्रस्तुत लेखात ते उत्तर शालेय विज्ञान आणि गणित यांच्या आधाराने शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न नेमका कोणता?

कारखान्यात तयार झालेल्या भूसुरुंगाला ठरावीक आकार, वजन आणि घडण असते. ज्याला वृत्तपत्रांत ‘आयईडी’ म्हणतात ते साधन मात्र हाती येईल त्या सामग्रीतून जुळविलेले असते. त्याला ठरलेला आकार नाही, ठरलेला धातू नाही, ठरलेले रसायनही नाही. म्हणजे शोधणाऱ्याला आपण काय शोधत आहोत हेच आधी निश्चित सांगता येत नाही. गवताच्या गंजीत सुई शोधणे कठीण खरे, पण तेथे निदान सुई कशी दिसते हे ठाऊक असते.

दुसरी अडचण अंतराची आहे. समजा, ताफा ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालला आहे. म्हणजे सेकंदाला १० मीटर. धोक्याचा इशारा मिळाल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात वाहन १५ मीटर पुढे सरकते. त्यानंतर दर सेकंदाला ४ मीटर या दराने वेग घटत गेला, तर थांबेपर्यंत आणखी साडेबारा मीटर लागतात. एकूण साडेसत्तावीस मीटर. शिवाय वाहन थांबले तेव्हा ते स्फोटकाच्या टप्प्याबाहेर असले पाहिजे. म्हणजे चालत्या ताफ्याला उपयोगी पडायचे असेल, तर यंत्राने किमान तीस ते चाळीस मीटर पुढचे ओळखले पाहिजे. दोन मीटरवरून अचूक ओळखणारे यंत्र पायी चालणाऱ्या माणसाला किंवा यंत्रमानवाला वरदान ठरेल. वेगात धावणाऱ्या वाहनाला ते एक पंचमांश सेकंद आधी इशारा देईल आणि त्याचा काहीही उपयोग होणार नाही.

जमिनीच्या पोटात डोकावणारी साधने

सर्वांत जुने आणि आजही सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे धातुशोधक यंत्र. तारेच्या वेटोळ्यातून बदलती विद्युतधारा सोडली की त्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जवळ धातू असेल तर त्यात भोवरधारा उत्पन्न होतात आणि त्यांचा परिणाम यंत्राला जाणवतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर १८८१ मध्ये गोळ्या झाडण्यात आल्या, तेव्हा शरीरातील गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावर उपकरण बनविले होते. प्रयत्न फसला. बिछान्यातील धातूच्या तारांनी उपकरणाला गोंधळात टाकले, हे त्याचे एक कारण मानले जाते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अभियंता अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालविता येणारे सुरुंगशोधक यंत्र सिद्ध केले आणि १९४२ च्या एल् अलामिनच्या लढाईत वाळवंटातील सुरुंग हटविण्यासाठी त्याचा मोठा उपयोग झाला.

तथापि बेल यांची अडचण आजही कायम आहे. रस्त्यालगत खिळे, पत्र्याचे तुकडे, बाटल्यांची झाकणे, तारा असे काय काय पडलेले असते. यंत्र त्या प्रत्येकावर आवाज करते. उलट ज्या साधनात धातू नाममात्र आहे, त्याजवळून ते मुकाट्याने निघून जाते.

ही उणीव भरून काढण्यासाठी भूवेधी रडार आले. ते जमिनीत रेडिओ लहरींचे स्पंद सोडते. मातीच्या थरात जेथे विद्युत गुणधर्म एकाएकी बदलतात, तेथून लहरीचा काही भाग परत येतो. वस्तू धातूची असण्याची गरज नाही, ती आजूबाजूच्या मातीहून वेगळी असली की पुरे. येथे ‘परावैद्युत स्थिरांक’ ही राशी महत्त्वाची ठरते. पाण्यासाठी ती सुमारे ८०, कोरड्या वाळूसाठी ३ ते ५, आणि प्लास्टिक किंवा बहुतेक स्फोटके यांच्यासाठी ३ च्या आसपास असते. कोरड्या वाळूत प्लास्टिकची वस्तू पुरली तर फरक फार थोडा, म्हणून प्रतिध्वनी क्षीण. माती ओली असेल तर फरक वाढतो, पण ओली चिकणमाती लहरच शोषून घेते. अफगाणिस्तानातील कोरड्या धुळीत एक अडचण, तर पावसाळ्यातील गडचिरोलीत दुसरी. दोन्ही ठिकाणी सारखेच चालेल असे एकच यंत्र नाही, ते यामुळे.

मग हेच रडार तीस मीटर पुढे रोखले तर? येथे निसर्गाचा नियम आडवा येतो. छोट्या वस्तूवरून परतणाऱ्या रडार लहरींची शक्ती अंतराच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो. दोन मीटरऐवजी वीस मीटरवरून पाहू म्हटले, तर तो दहा हजारांश उरतो. शिवाय तिरप्या कोनातून गेलेली लहर बहुतांशी जमिनीवरून पुढेच निसटते आणि जी परत येते तिच्यात दगड-खड्ड्यांचाच गोंगाट अधिक असतो. म्हणूनच व्यवहारात वेगळा मार्ग काढण्यात आला. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने ‘हस्की’ नावाचे एकट्या चालकाचे वाहन ताफ्यापुढे चालविले. दक्षिण आफ्रिकेत घडलेल्या या वाहनाचे टायर रुंद असल्याने जमिनीवर दाब कमी पडतो. रडारचे फलक जमिनीलगत धरून ते सावकाश पुढे सरकते. मागोमाग ‘बफेलो’ हे लांब यांत्रिक हाताचे वाहन येते आणि संशयित जागा उकरून पाहते. म्हणजे यंत्राला दुरून दिसत नाही म्हणून यंत्रच पुढे पाठवायचे आणि माणसांना मागे, सुरक्षित अंतरावर ठेवायचे.

गंध आणि प्रकाश

वस्तूचा आकार न पाहता थेट रसायनच ओळखले तर? या दिशेनेही पुष्कळ संशोधन झाले आहे. प्रत्येक पदार्थाची थोडीफार वाफ हवेत मिसळते. परंतु आरडीएक्ससारख्या स्फोटकाची वाफ इतकी विरळ असते, की नेहमीच्या तापमानालाही हवेच्या एक लाख कोटी रेणूंमध्ये त्याचे मोजके रेणू सापडतात. त्यावर माती आणि वेष्टन असेल, वारा वाहत असेल, तर यंत्राच्या वाट्याला काय येणार? या बाबतीत निसर्गाने घडविलेले श्वानाचे नाक अद्याप अव्वल आहे. आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलात बेल्जियन मॅलिनॉइस जातीचे श्वान याच कामासाठी प्रशिक्षित केले जातात. पण श्वान उन्हाने थकतो, त्याला विश्रांती लागते, आणि तो चालतो त्याच्या मागे त्याचा हस्तकही चालतो. धोका माणसापासून पुरता दूर होत नाही.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेला परिणाम आपण विज्ञान दिनी दरवर्षी आठवतो. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला असता विखुरलेल्या प्रकाशातील अत्यल्प अंशाचा रंग किंचित बदलतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंची जणू बोटांची ठशीच असते. लेसर किरण दुरून टाकून पृष्ठभागावरील स्फोटकाचे कण ओळखता येतात ते याच तत्त्वावर. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पुण्याच्या सुतारवाडी-पाषाण भागातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा यांनी मिळून विकसित केलेले ‘रायडर-एक्स’ हे उपकरण १ मार्च २०२१ रोजी पुण्यातच प्रकाशात आले. ते काही अंतरावरून अनेक प्रकारची स्फोटके ओळखते. याच पुण्याच्या प्रयोगशाळेने रंगबदलावरून स्फोटक ओळखण्याचा रासायनिक संचही तयार केला आहे. तथापि लेसरचीही एक स्पष्ट मर्यादा आहे. तो पृष्ठभागावरचे सांगतो. मातीच्या थराखाली प्रकाश पोहोचत नाही.

आकाशातून तुलना

वस्तू दिसत नसेल, तर ती पुरताना जमिनीत झालेला बदल दिसेल काय? ही कल्पना फार मोलाची ठरली. त्याच रस्त्याची आज आणि उद्या, एकाच मार्गाने उडत, रडार प्रतिमा घ्यायची आणि दोन्हींमधील लहरींची कला ताडून पाहायची. माती खणून पुन्हा सारखी केली तर डोळ्याला काही कळत नाही, पण मातीच्या कणांची रचना विस्कटलेली असते आणि तुलनेत तेवढा भाग वेगळा उठून दिसतो. अमेरिकी सैन्याने २००६ मध्ये इराकसाठी ‘ओडिन’ नावाचे विशेष हवाई पथक उभारले, ते रस्त्यांवर सातत्याने नजर ठेवण्यासाठी आणि स्फोटके पुरणारेच हेरण्यासाठी.

उघड्या वाळवंटात ही पद्धत चांगली चालते. बस्तर आणि गडचिरोलीच्या घनदाट जंगलात झाडांचे छत आड येते. पाऊस पडला, जनावरे गेली, बैलगाडी गेली, की जमीन तशीही बदलते. बदल हजार ठिकाणी दिसतो, त्यातला घातक कोणता हे प्रतिमा सांगत नाही.

खोट्या इशाऱ्यांचे गणित

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सोडविता येईल असे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रस्ता २० किलोमीटरचा आहे. दर १० मीटरला एक अशा २,००० जागा यंत्राने तपासायच्या आहेत. त्यांपैकी फक्त एका जागी स्फोटक आहे. यंत्र उत्तम आहे. स्फोटक असेल तर शंभरांतून ९५ वेळा ते ओळखते, आणि स्फोटक नसलेल्या शंभर जागांपैकी केवळ ५ ठिकाणी खोटा इशारा देते.

उरलेल्या १,९९९ जागांवर ५ टक्क्यांनी सुमारे १०० खोटे इशारे होतील. खरा इशारा फार तर एक. म्हणजे यंत्र वाजले की तेथे खरोखर स्फोटक असण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी! प्रत्येक इशाऱ्याची खात्री करायला दहा मिनिटे लागली, तर १०० इशाऱ्यांना १,००० मिनिटे, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक वेळ लागेल. तेवढा वेळ ताफा उघड्या रस्त्यावर खोळंबला, तर तोच दुसऱ्या हल्ल्याचे लक्ष्य होईल. आणि साठ-सत्तर वेळा काहीच निघाले नाही की एकाहत्तराव्या इशाऱ्याला जवान ‘हेही तसेच असेल’ म्हणून पुढे जाईल. मनुष्यस्वभाव आहे तो.

यावर उपाय म्हणून दोन वेगळ्या तत्त्वांची यंत्रे जोडली, आणि दोन्ही वाजली तरच थांबायचे असे ठरविले, तर? दोन्हींचे गुण तेवढेच आणि परस्परांपासून स्वतंत्र धरले, तर खोटे इशारे ५ टक्क्यांच्या ५ टक्के, म्हणजे पाव टक्का होतील. शंभरांऐवजी पाचच. केवढा लाभ! पण खरे स्फोटक दोघांनीही ओळखण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या ९५ टक्के, म्हणजे सुमारे ९० टक्के उरते. पूर्वी वीसांतून एक निसटत होते, आता दहांतून एक निसटेल. इशारे कमी करावेत तर धोका निसटतो, आणि काहीच निसटू नये म्हणावे तर रस्ता बंद पडतो. संशोधकांची सारी धडपड या दोहोंमधील तोल साधण्याची आहे. रडार, धातुशोधक, उष्णताचित्रण आणि संगणकीय विश्लेषण यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत.

एका खोट्या यंत्राचा धडा

याच क्षेत्रातील एक प्रकरण प्रत्येक शाळेत शिकविले जावे असे आहे. ब्रिटनमधील जेम्स मॅकॉर्मिक याने ‘एडीई ६५१’ नावाचे एक उपकरण दुरून स्फोटके ओळखणारे म्हणून इराकसह अनेक देशांना विकले. मुठीत धरायची एक मूठ आणि तिच्यावर फिरणारी एक दांडी, एवढेच ते होते. त्यात काम करणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या गमतीच्या वस्तूवरून ते घडविले होते. इराक सरकारने त्यावर कोट्यवधी डॉलर घालविले. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ती दांडी गाड्यांसमोर धरून उभे राहत आणि स्फोटके भरलेल्या गाड्या पुढे जात. मे २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तरीही हे उपकरण बगदादच्या नाक्यांवरून हटविण्याचा आदेश निघायला जुलै २०१६ उजाडला, आणि तोही एका भीषण स्फोटानंतर.

हे उपकरण उघडे पाडायला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नव्हती. दहा बंद खोकी घ्या, एकात स्फोटक ठेवा, आणि कोणत्या खोक्यात ते आहे हे यंत्र चालविणाऱ्याला आणि परीक्षकालाही ठाऊक नसू द्या. वीस वेळा चाचणी करा. एवढ्यानेच सत्य कळले असते. यंत्र आपल्या डोळ्यांसमोर हलते म्हणून ते काम करते असे नव्हे. भारतीय संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदाने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. ते कर्तव्य केवळ भाषणापुरते नाही, ते पाळले नाही तर माणसे मरतात, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

माणसाची नजर आणि माणसाचा विश्वास

अमेरिकेने २००६ मध्ये या धोक्याचा सामना करण्यासाठी एक स्वतंत्र संघटना स्थापन केली आणि तिच्यावर अब्जावधी डॉलर खर्च केले. तिचे तत्कालीन प्रमुख लेफ्टनंट जनरल मायकेल ओट्स यांनी २०१० मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्याचा आशय असा होता की, श्वान आणि त्याचा प्रशिक्षित हस्तक ही जोडीच सर्वोत्तम शोधक आहे. सैनिकांच्या निरीक्षणशक्तीचा अभ्यास झाला, तेव्हा आणखी एक लक्षणीय गोष्ट दिसून आली. रस्त्यावरील खुणा अचूक टिपणाऱ्यांत रानावनात शिकार करीत वाढलेले खेड्यातील तरुण आणि शहराच्या खडतर वस्त्यांत वाढलेले तरुण आघाडीवर होते. ज्यांनी बालपणी जमीन, झाडे, पाऊलवाटा आणि माणसांचे चेहरे वाचले, त्यांना ‘येथे काहीतरी वेगळे आहे’ हे आधी जाणवले.

आपल्याकडेही ताफा निघण्यापूर्वी रस्ता मोकळा करणारी तुकडी पायी पुढे जाते. मोऱ्या, पुलाखालच्या जागा, ताजी माती, सुकलेला पाला ती पाहते. या अंगाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी केंद्रीय राखीव पोलीस दलाची संस्था पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे आहे. दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने घडविलेला ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित यंत्रमानव संशयित वस्तू हाताळतो, म्हणजे जवानाला तिच्यापर्यंत जावे लागत नाही.

शोध चुकलाच तर जीव वाचावा म्हणून वाहनाची बांधणीही बदलली गेली. तळ सपाट न ठेवता इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा केला, की स्फोटाचा रेटा दोन्ही बाजूंना वळतो. दक्षिण आफ्रिकेत रुजलेली ही कल्पना अमेरिकेने २००७ पासून मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. आपल्या मेडक येथील आयुध निर्माणीनेही अशी सुरुंगरोधक वाहने बांधली. पण स्फोटकाचे प्रमाण फार असेल तर असे वाहनही उलटते, म्हणून धोक्याच्या पट्ट्यात जवानांनी वाहन टाळून पायी जाण्याचा नियम आहे.

या सर्वांहून दूरचे पाहणारे एक साधन मात्र कोणत्याही कारखान्यात बनत नाही. ते म्हणजे त्या रस्त्याशेजारी राहणाऱ्या लोकांचा विश्वास. रात्री रस्ता कोणी खणला हे उपग्रहाच्या आधी गावाला कळते. आणि पुरलेले स्फोटक गणवेश पाहून फुटत नाही. सरपण, मोहफुले, तेंदूपाने आणायला गेलेल्या ग्रामस्थांचाही त्याने बळी घेतला आहे. गावात शाळा, दवाखाना आणि न्याय पोहोचला, तर लोक बोलतात. तो पोहोचला नाही, तर भीती बोलू देत नाही.

पालक व माजी विद्यार्थ्यांसाठी

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चंद्र दूर असला तरी आपण त्याकडे पाहत आहोत हे तो लपवीत नाही, आणि आपल्याला फसवू पाहत नाही. रस्त्याखालचे स्फोटक एका बुद्धिमान माणसाने दुसऱ्याला कळू नये म्हणूनच ठेवलेले असते. त्यामुळे एखादे यंत्र सापडले आणि प्रश्न कायमचा सुटला असे होणार नाही. प्रत्येक साधन धोका थोडा कमी करील, आणि अनेक साधने, शिस्त, प्रशिक्षण व लोकांचे सहकार्य यांच्या बेरजेतून जीव वाचतील.

आपल्या समाजातील अनेक मुले पोलीस, निमलष्करी दल आणि सैन्य यांत अभिमानाने सेवा करीत आहेत. त्यांच्या पालकांच्या मनातील काळजी शब्दांत मांडता येणार नाही. पण वर्दीइतकीच या कामाला प्रयोगशाळेचीही गरज आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मृदाशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र, श्वानप्रशिक्षण अशा कितीतरी वाटा येथे येऊन मिळतात. वसतिगृहातून शिकलेल्या, पाऊलवाटा वाचत मोठ्या झालेल्या मुलामुलींकडे जमिनीची ओळख आधीपासूनच असते. तिला गणिताची आणि प्रयोगाची जोड मिळाली, तर उद्या ताफ्यापुढे चालणारे यंत्र त्यांच्यापैकीच कोणी घडवील. ज्या घरातला भाऊ वाहनात बसतो, त्याच घरातल्या बहिणीने त्याच्या रस्त्याचे शास्त्र अभ्यासावे, असे शिक्षण आपण देऊ या.